टोपीवरचे पाच डाग : व्हिक्टोरियन रहस्यकथा आज कशा वाचाव्यात

शेरलॉक होम्स वाचायचा म्हणून सगळ्यात पहिलं पुस्तक, म्हणजे 'अ स्टडी इन स्कार्लेट', उघडायचं आणि निम्म्यावर ठेवून द्यायचं, असं झालेले वाचक मला सतत भेटतात. कॉलेजात माझंही तेच झालं होतं. लंडनमधलं रिकामं घर, जमिनीवर प्रेत, भिंतीवर रक्तानं लिहिलेला शब्द असं सगळं रंगात आलेलं असतं. मग दुसरा भाग सुरू होतो आणि आपण एकदम अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात जाऊन पडतो. सलग पाच प्रकरणं होम्सचा पत्ताच नसतो. वाचक बिचारा म्हणतो, हे जुनं लिखाण आपल्याला झेपणार नाही.

झेपतं. सुरुवात चुकीच्या पानावरून झालेली असते, एवढंच. गेली काही वर्षं मी मित्रमंडळींना आणि घरातल्यांना ही पुस्तकं वाचायला लावतेय. त्यातून कुठून सुरुवात करायची, किती वाचायचं आणि कशाकडे लक्ष ठेवायचं याचा एक क्रम जमून आलाय, तो इथे सविस्तर देते.

आधी एक गोष्ट मनाशी धरा. आजची रहस्यकादंबरी एका रात्रीत संपवायला लिहिलेली असते. व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातली, रहस्यकथा मासिकात किंवा साप्ताहिकात हप्त्यांनी यायची. लोक एक हप्ता वाचायचे, घरात त्यावर बोलायचे, आठवडा किंवा महिना थांबायचे आणि मग पुढचा हप्ता घ्यायचे. त्या वेगानं वाचलं की ही पुस्तकं कंटाळवाणी राहत नाहीत. आपल्याकडेही ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' त्याच सुमारास, १८९० पासून, 'करमणूक' साप्ताहिकात अशीच थोडी थोडी करून वाचली जात होती. ती सवय आपल्याला परकी नाही, फक्त मोडलेली आहे.

पहिली कथा : एक टोपी आणि एक पक्षी

सुरुवात 'ब्लू कार्बंकल' (म्हणजे निळं रत्न) या होम्सकथेपासून करा. जानेवारी १८९२ च्या 'स्ट्रँड' मासिकात ती आली. वाचायला पाऊण तास लागतो. खून नाही, रक्त नाही. नाताळच्या पहाटे लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडवर एका उंच माणसाला काही गुंड अडवतात. त्याची टोपी उडते, हातातला गूज, म्हणजे नाताळच्या मेजवानीचा बदकासारखा मोठा पक्षी, तिथेच पडतो आणि तो पळून जातो. पीटरसन नावाचा दरवान टोपी आणि पक्षी होम्सकडे आणून देतो. पक्ष्याच्या पायाला चिठ्ठी असते : मिसेस हेन्री बेकरसाठी.

मग होम्स ती टोपी आपला मित्र डॉ. वॉटसनच्या हातात देतो आणि विचारतो, तुला काय दिसतं? वॉटसनला काही दिसत नाही. होम्सला दिसतं की या माणसाचे तीन वर्षांपूर्वी बरे दिवस होते, आता परिस्थिती खालावली आहे, तो बहुधा दारूच्या नादी लागलाय, बैठं आयुष्य जगतो, केस पिकलेत, नुकतेच कापलेत, त्याच्या घरात गॅसचे दिवे बहुधा नाहीत आणि बायकोचं त्याच्यावरचं प्रेम आटलंय.

इथे थांबा. पुस्तक पालथं ठेवा आणि वही घ्या. यातली प्रत्येक गोष्ट टोपीवरून कशी कळली असेल, ते स्वतः लिहून पाहा. मगच पुढचं पान उलटा.

गॅसच्या दिव्याचं उत्तर मला फार आवडतं. टोपीवर चरबीच्या मेणबत्तीचे पाच डाग आहेत. एखाददुसरा असता तर योगायोग म्हणता आला असता. पाच आहेत म्हणजे हा माणूस रोज रात्री एका हातात टोपी आणि दुसऱ्या हातात गळणारी मेणबत्ती घेऊन जिना चढतो. गॅसच्या दिव्यातून चरबी ठिबकत नाही. एका वाक्यात आपल्याला एक अंधारा जिना दिसतो, थकलेला माणूस दिसतो, त्याच्या सावलीसकट. बायकोबद्दलचं अनुमान असं की टोपी कित्येक आठवडे ब्रशनं साफ केलेली नाही, आणि नवऱ्याला अशा टोपीनिशी बाहेर पडू देणाऱ्या बायकोच्या मनात त्याच्याबद्दल काही उरलेलं नसावं. वॉटसन विचारतो, तो अविवाहित असला तर? होम्स पक्ष्याच्या पायाची चिठ्ठी दाखवतो. तो गूज घरी तहाची भेट म्हणून चालला होता.

माझ्या मते या साहित्याची सगळी ओढ या अर्ध्या पानात आहे. ही ओढ गुन्हेगार कोण यापेक्षा जुनी आहे आणि जास्त टिकते. लोकलच्या डब्यात समोर बसलेल्या बाईच्या चपलेचा एक पट्टा शिवलेला दिसतो, हातात डब्याची पिशवी, नखाला हळद, आणि आपण नकळत तिच्या आयुष्याचा अंदाज बांधू लागतो. लंडनची लोकसंख्या १८०१ साली सुमारे १० लाख होती, १९०१ साली ६० लाखांच्या वर गेली. गावात सगळे एकमेकांना ओळखत होते. या शहरात शेजारचा कोण, कुठून आला, काय करून बसला, कुणालाच ठाऊक नव्हतं. अनोळखी माणसाला वाचता येतं, असं ठामपणे सांगणारा कुणीतरी त्या गर्दीला हवा होता. आपल्यालाही तो का हवासा वाटतो, हे दादर स्टेशनवर उभं राहिलं की कळतं.

याच पानावर आणखी एक धडा आहे. टोपी मोठी आहे, म्हणून डोकं मोठं, म्हणून मेंदू मोठा, म्हणून माणूस बुद्धिमान, असंही होम्स म्हणतो. कवटीच्या आकारावरून बुद्धी ओळखण्याचं ते खूळ त्या काळी शास्त्र म्हणून मिरवत होतं आणि ते साफ चुकीचं आहे. वहीत त्या अनुमानापुढे फुली मारा. होम्सची वाक्यं पारखून घेण्याची सवय पहिल्याच कथेत लागलेली बरी. त्याची पुष्कळ अनुमानं 'असं असू शकेल' या जातीची आहेत. लेखक ती 'असंच आहे' म्हणून पुढे सरकवतो आणि आपण खुशीनं मान डोलावतो.

पुढच्या पाच, आणि त्यांचा क्रम

यानंतर आठवड्याला एक कथा, या हिशेबानं 'रेड-हेडेड लीग', 'मॅन विथ द ट्विस्टेड लिप', 'स्पेकल्ड बँड', 'कॉपर बीचेस' आणि 'सिल्व्हर ब्लेझ' वाचा. सहा आठवड्यांत गोडी लागते की नाही ते कळेल. नाही लागली तर सोडून द्या, त्यात काही वावगं नाही.

एकामागून एक अशा सहा कथा एका दिवसात वाचू नका, हे मात्र कळकळीनं सांगते. होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉईल यानं त्या तशा रचलेल्याच नाहीत. 'स्ट्रँड' जानेवारी १८९१ मध्ये सुरू झालं, किंमत सहा पेन्स. डॉईलच्या लक्षात आलं की क्रमशः कादंबरीचा एक अंक चुकला की वाचक हातचा जातो. त्यावर त्यानं तोड काढली : तोच नायक, पण दर महिन्याला पूर्ण होणारी वेगळी गोष्ट. जुलै १८९१ मध्ये पहिली आली. आज आपण मालिकांमध्ये जो साचा पाहतो तो असा एका मासिकाच्या गरजेतून बसला. दर कथेत होम्सची बेकर स्ट्रीटवरची खोली, शेकोटी, खिडकीबाहेर धुकं आणि दारावर आलेला पाहुणा हे सगळं परत परत येतं, कारण ते वाचून महिना झालेला असायचा. सलग वाचलं की त्याचंच ओझं होतं.

चित्रांसह वाचता आलं तर सोडू नका. सिडनी पॅजेटनं 'स्ट्रँड'साठी काढलेली चित्रं इंटरनेट अर्काइव्हवर मासिकाच्या जुन्या अंकांत पाहायला मिळतात. होम्सची ती दोन्हीकडे कानपट्ट्या असलेली टोपी डॉईलच्या मजकुरात त्या नावानं कुठेच नाही, ती पॅजेटच्या कुंचल्यातून आली.

पैशाचा हिशेब येऊ द्या

या कथांमध्ये बहुतेक सगळं पैशाभोवती फिरतं आणि आपण आकडे वाचून पुढे जातो, तिथेच मजा निसटते. हिशेब सोपा आहे : १२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड, आणि २१ शिलिंगांची एक गिनी. पुस्तकखुणेच्या चिठ्ठीवर एवढं लिहून ठेवा. अंदाज यावा म्हणून सांगते, दोन मैलांपर्यंत हॅन्सम कॅबचं भाडं एक शिलिंग होतं. वॉटसनला लष्करातून दिवसाला ११ शिलिंग ६ पेन्स मिळत होते आणि त्यात त्याला लंडनमध्ये हॉटेलात राहणं परवडत नव्हतं, म्हणून तर तो भागीदारीत खोली शोधतो.

आता 'कॉपर बीचेस' उघडा. व्हायोलेट हंटर ही गव्हर्नेस आहे, म्हणजे लोकांच्या घरी राहून मुलांना शिकवणारी. आधीच्या घरी तिला महिन्याला चार पौंड मिळत होते, वर्षाचे ४८. नवा मालक पहिल्याच भेटीत वर्षाला १०० देऊ करतो. तिच्या केसांबद्दल त्याची एक चमत्कारिक अट असते, ती नाकारते. मग तो घरबसल्या १२० पौंडांचं पत्र पाठवतो. ४८ वरून १२०! बारीकसारीक काही न कळताही, या एका वजाबाकीवरून वाचकाच्या पोटात गोळा यायला हवा. होम्सच्या पोटातही येतो. पगार चांगला आहे, फारच चांगला आहे, हीच त्याची अडचण असते. ज्यांच्या घरातल्या मुलीनं शहरात पहिली नोकरी शोधली आहे त्यांना हे प्रकरण समजवावं लागत नाही.

'स्पेकल्ड बँड'मध्ये होम्स चक्क मृत्युपत्र पाहून येतो आणि कागदावर आकडे मांडतो. डॉ. रॉयलॉटच्या मृत बायकोची मिळकत आधी वर्षाला ११०० पौंडांच्या जवळ होती, शेतमालाचे भाव पडल्यानं ती ७५० वर आली. दोन्ही सावत्र मुलींना लग्न झाल्यावर प्रत्येकी २५० द्यायचे आहेत. वजाबाकी तुम्ही करा. शेतमालाचे भाव पडले म्हणून एका घरात काय काय घडू शकतं, हे वाचताना हिंगोली-यवतमाळकडच्या वाचकाला इंग्लंडच्या सरे परगण्यातलं रॉयलॉटचं ते पडकं घर दूरचं वाटणार नाही.

बायकांच्या पैशाबद्दल एक कायदा माहीत असावा. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीची बहुतेक मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जायची. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी ते बदलत गेलं. त्याआधीच्या कादंबऱ्यांमध्ये, उदाहरणार्थ विल्की कॉलिन्सच्या 'द वूमन इन व्हाइट'मध्ये (१८५९-६०), एखाद्या मुलीचं लग्न ठरतं आणि अंगावर काटा येतो, त्याचं कारण हे.

मुख्य जेवण : 'द मूनस्टोन'

सहा कथा झाल्या की होम्स बाजूला ठेवा आणि वीस वर्षं मागे या. विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' चार्ल्स डिकन्सच्या 'ऑल द इयर राउंड' साप्ताहिकात ४ जानेवारी ते ८ ऑगस्ट १८६८ या काळात ३२ हप्त्यांत आली. मी ही कादंबरी तीनदा वाचली आहे आणि मला ती होम्सच्या चारही कादंबऱ्यांपेक्षा मोठी वाटते.

गोष्ट आपल्याकडे सुरू होते. ४ मे १७९९, श्रीरंगपट्टणचा पाडाव, टिपू सुलतान मारला गेलाय, इंग्रज फौजेची लूट चालू आहे. त्या लुटीत एक इंग्रज अधिकारी रखवालदारांना मारून एक पिवळा हिरा उचलतो. तो हिरा मूळचा चंद्रदेवतेच्या मूर्तीच्या कपाळावरचा, सोमनाथचा. पन्नासेक वर्षांनी यॉर्कशरमधल्या समुद्रकाठच्या एका घरात रेचल व्हेरिंडर या मुलीच्या अठराव्या वाढदिवशी तो तिला भेट म्हणून मिळतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. घराच्या आसपास तीन हिंदुस्थानी माणसं फिरत असतात. कॉलिन्सनं प्रस्तावनेत सांगितलं आहे की दोन राजघराण्यांतल्या हिऱ्यांच्या कहाण्यांवरून त्याला हे सुचलं. त्यातला एक कोहिनूर. कोहिनूर इंग्लंडला नेल्याला तेव्हा वीस वर्षंही झाली नव्हती.

वाचायचं कसं? पहिला मोठा भाग, २३ प्रकरणांचा, गॅब्रिएल बेटरेज हा म्हातारा कारभारी सांगतो. तो मुद्द्यावर यायला वेळ घेतो, विषयांतर करतो, पाईप ओढतो आणि अडचण आली की 'रॉबिन्सन क्रूसो' कुठल्याही पानावर उघडून कौल घेतो, आपल्याकडे एखादे आजोबा दासबोध उघडून घेतात तसा. पहिल्या तीन-चार प्रकरणांत तुमची चुळबुळ होईल. त्याला बोलू द्या. रोज एक प्रकरण, जेवणानंतर, एवढाच नेम ठेवला तर तीन आठवड्यांत त्याचा भाग संपतो आणि तोवर तो घरातला माणूस झालेला असतो. मी हा भाग आईला फोनवरून रोज थोडा थोडा मराठीत सांगत असे. आठव्या-नवव्या दिवसापासून तीच फोन करायला लागली.

बेटरेजनंतर सांगणारी माणसं बदलतात : धर्मपत्रकं वाटत फिरणारी मिस क्लॅक, वकील ब्रफ, आणि पुढे आणखी काही. प्रत्येकानं फक्त स्वतः पाहिलेलं सांगायचं, असा करार. म्हणून वहीत प्रत्येक निवेदकाला एक पान द्या आणि त्यावर दोनच गोष्टी लिहा : याला काय दिसलं, आणि याला कोण आवडत नाही. दुसरी नोंद जास्त कामी येते. मिस क्लॅकला रेचल आवडत नाही, आणि ती जे सांगते त्यातला निम्मा भाग त्या नावडीतून सांगते. तीच खोली, तीच माणसं, पण सांगणारा बदलला की सगळं पालटतं. दोन भावांकडून जमिनीच्या एकाच तंट्याची हकीकत ज्यानं ऐकली आहे त्याला कॉलिन्सचं कसब लगेच कळेल.

आता हिऱ्याच्या तपासासाठी आलेल्या सार्जंट कफचा प्रवेश नीट वाचा. रेचलच्या दाराला नुकताच रंग दिलेला असतो आणि त्यावर एके ठिकाणी डाग फिसकटलेला असतो. आधी आलेला स्थानिक पोलीस अधिकारी म्हणतो, ही क्षुल्लक बाब आहे, बायकांच्या झग्यांनी झालं असेल. कफ शांतपणे उत्तर देतो की आजवरच्या कामात क्षुल्लक अशी गोष्ट त्याला एकदाही भेटलेली नाही. रंग किती वाजता वाळला ते तो शोधतो आणि मग घरातली धोब्याची वही मागतो. ज्याच्या कपड्याला रंग लागला तो कपडा कुठे आहे? हा इंग्लंडमधला सगळ्यात नावाजलेला डिटेक्टिव्ह, आणि मन मात्र गुलाबांत : घरात चोरी झालेली असताना तो माळ्याशी गुलाबाच्या ताटव्यांमधल्या वाटा गवताच्या असाव्यात की खडीच्या, यावर हुज्जत घालतो.

त्या धोब्याच्या वहीमागचं खरं घर

ही वही कॉलिन्सनं हवेतून काढलेली नाही. २९ जून १८६० च्या रात्री विल्टशरमधल्या रोड या गावी एका सुखवस्तू घरातून सॅव्हिल केंट हा चार वर्षांचाही नसलेला मुलगा नाहीसा झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत सापडलं. स्कॉटलंड यार्डातून, म्हणजे लंडनच्या पोलीस मुख्यालयातून, इन्स्पेक्टर जोनाथन विचर गेला. त्यानं धुण्याचे कपडे मोजले, मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीचा, कॉन्स्टन्सचा, रात्रीचा एक झगा कमी असल्याचं त्याला कळलं, आणि त्यानं तिच्यावर संशय घेतला. वर्तमानपत्रं त्याच्यावर तुटून पडली. साध्या घरातला एक पोलीस सभ्य कुटुंबाच्या शयनगृहात शिरतो, त्यांच्या मुलीच्या कपड्यांची चौकशी करतो, याचाच लोकांना संताप आला. मुलगी सुटली, विचरची कारकीर्द कोमेजली. १८६५ मध्ये कॉन्स्टन्सनं स्वतः गुन्हा कबूल केला.

'द मूनस्टोन' वाचायला घेण्याआधी एवढं माहीत असेल तर कफनं वही मागितल्यावर घरात पसरणारी थंडगार शांतता जाणवते. सुखवस्तू घराचं दार लावलेलं असतं, आत काय चालतं ते फक्त मोलकरणींना ठाऊक असतं, आणि आता कुणीतरी मोलकरणींना विचारणार आहे. या काळच्या कथांमध्ये नोकरमाणसांकडे लक्ष ठेवा, असं मी सगळ्यांना सांगते. चहा आणणारी, शेकोटी पेटवणारी, बिछाने घालणारी जी बाई दोन ओळींत येऊन जाते, तिच्याकडे बहुतेक वेळा मालकांपेक्षा जास्त माहिती असते.

पोलिसांचाही थोडा इतिहास हाताशी असू द्या. लंडनचं मेट्रोपॉलिटन पोलीस दल १८२९ चं. साध्या वेशातला पोलीस म्हणजे सरकारी हेर, अशी लोकांना भीती असल्यानं डिटेक्टिव्ह विभाग निघायला १८४२ उजाडलं, आणि तोही आठ माणसांचा : दोन इन्स्पेक्टर, सहा सार्जंट. १८७७ मध्ये या विभागातलेच वरिष्ठ अधिकारी लाच खाऊन ठगांना मदत केल्याबद्दल कोर्टात उभे राहिले आणि पुढच्या वर्षी सगळा विभाग नव्यानं बांधावा लागला. नऊ वर्षांनी होम्स आला. यार्डाच्या नाकावर टिच्चून गुन्हे उकलणारा खासगी माणूस वाचकांना इतका पटला, त्यामागे ही आठवण होती. ठशांचं तंत्र तर अजून यायचं होतं. स्कॉटलंड यार्डात बोटांच्या ठशांचा विभाग १९०१ मध्ये निघाला, त्याच्या चार वर्षं आधी तो कोलकात्यात सुरू झाला होता, आणि ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचं मोठं काम आहे. म्हणून या कथांत चिखल, राख, शाई आणि चपलांचे ठसे एवढ्यावरच सगळं चालतं.

हिंदुस्थान दिसला की सावकाश वाचा

भारतीय वाचकाला या पुस्तकांत एक जास्तीची खिडकी मिळते आणि तिच्यातून नेहमी बरंच दिसेल असं नाही. होम्सच्या पहिल्याच पानावर मुंबई आहे : वॉटसन अफगाण युद्धासाठी मुंबईत उतरतो तेव्हा त्याला कळतं की पलटण खिंडी ओलांडून कधीच पुढे गेलीय. मग मैवंदच्या लढाईत, जुलै १८८० मध्ये, त्याला गोळी लागते. मैवंदला मुंबई लष्कराच्या हिंदी पलटणीही लढल्या आणि मेल्या. त्यांच्याबद्दल कथेत शब्द नाही. (गोळी पहिल्या पुस्तकात खांद्याला लागते, दुसऱ्यात पायाला. हे तुमचं तुम्हाला सापडू देणार होते, पण राहवलं नाही.)

'द साइन ऑफ फोर'मध्ये १८५७ चा आग्रा आणि अंदमान येतं. तिथे 'महोमेत सिंग' नावाचा माणूस भेटतो आणि आपण थबकतो. लेखकाला शीख आणि मुसलमान नावांतला फरक माहीत नव्हता किंवा पडताळून पाहावासा वाटला नाही. अंदमानच्या रहिवाशांचं वर्णन तर वाचवत नाही. नरभक्षक, कुरूप, रानटी असं सगळं एका तथाकथित माहितीपुस्तकाच्या हवाल्यानं येतं आणि ते खोटं आहे. 'स्पेकल्ड बँड'मधल्या डॉक्टरनं हिंदुस्थानातून मागवलेल्या जनावरांत एक बबून आहे, जो हिंदुस्थानात सापडतच नाही. त्याच कथेत आणखी एक चूक आहे, ती कथा संपल्यावर गावाकडच्या कुठल्याही माणसाला सांगा, तो लगेच पकडेल.

हे लपवून किंवा माफ करून वाचू नये. वहीत 'आपण' म्हणून एक पान ठेवा आणि हिंदुस्थानचा उल्लेख आला की लिहा : इथून काय आलं? लंडनच्या कथांत इथून खजिना येतो, विष येतं, सूड येतो, बिघडलेले इंग्रज अधिकारी येतात. साम्राज्यात दूर कुठेतरी जे केलं ते एक दिवस घराच्या दारात येऊन उभं राहील, ही धास्ती त्या पानांत सतत जाणवते. 'द मूनस्टोन'मध्ये ती सगळ्यात प्रामाणिक आहे. तिथे पहिली चोरी इंग्रजानं केलेली आहे, हे कॉलिन्स विसरत नाही, आणि हिऱ्यासाठी समुद्र ओलांडून आपली जात गमावणाऱ्या त्या तिघा ब्राह्मणांना तो हलकं लेखत नाही. १८६८ साली, सत्तावन्नच्या आठवणी ताज्या असताना, असं लिहिणं सोपं नव्हतं.

प्रत, भाषा आणि प्रस्तावना

ही सगळी पुस्तकं प्रताधिकारमुक्त आहेत. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात, लिब्रिव्हॉक्सवर ऐकता येतात. छापील घ्यायची असेल तर पहिल्या पानावर 'संक्षिप्त' असं लिहिलंय का ते बघा. शाळकरी मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्त्यांतून नेमके ते डाग, त्या वह्या आणि ते गुलाब गाळलेले असतात. 'द मूनस्टोन'ची संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका.

प्रस्तावना शेवटी वाचा. जुन्या पुस्तकांच्या अभ्यासू प्रस्तावना चोर कोण ते दुसऱ्या परिच्छेदात सांगून टाकतात. विकिपीडियाही तेच करतो.

इंग्रजी अडत असेल तर होम्सचे मराठी अनुवाद आहेत, भालबा केळकरांचे पुष्कळांना ठाऊक असतील. बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय आणि छोटूवर वाढलेल्या पिढीला तर बेकर स्ट्रीटवर पत्ता विचारावा लागणार नाही. मूळ इंग्रजी वाचणार असाल तर शब्दकोश पानोपानी उघडू नका. घोडागाड्यांची तीन नावं कळली की पुरे. हॅन्सम म्हणजे दोन चाकांची, दोघांची, चालक मागे उंचावर. ग्राउलर म्हणजे चारचाकी, सामानासकट माणसं नेणारी. डॉग-कार्ट म्हणजे उघडी, चिखल उडणारी. 'स्पेकल्ड बँड'च्या सुरुवातीला होम्स आलेल्या बाईच्या डाव्या बाहीवरचे चिखलाचे ताजे शिंतोडे बघून सांगतो की ती डॉग-कार्टमध्ये चालकाच्या डाव्या हाताला बसून आली. गाडी डोळ्यांपुढे असली तर हे वाक्य वाचताना तुम्ही त्याच्याबरोबर असता.

'द मूनस्टोन' संपल्यावर पुढे काय, असं विचाराल तर कॅथरीन लुईझा पर्किसची लव्हडे ब्रुक (१८९४). ही पगारी खासगी डिटेक्टिव्ह आहे, तिशी ओलांडलेली, दिसायला अगदी साधी, आणि मोलकरीण किंवा गव्हर्नेस बनून घरात शिरते कारण तिच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. बंद खोलीतला खून आवडत असेल तर झँगविलची 'द बिग बो मिस्टरी' छोटी आहे, दोन रात्रींत होते. 'द नॉटिंग हिल मिस्टरी' (१८६२-६३) पत्रं, जबान्या आणि नकाशे यांची जुळवाजुळव करून वाचायची आहे, ती धीर असेल तरच. 'अ स्टडी इन स्कार्लेट'कडे आता या. १८८७ च्या 'बीटन्स ख्रिसमस अ‍ॅन्युअल'मध्ये, म्हणजे आपल्या दिवाळी अंकासारख्या नाताळच्या अंकात ती आली आणि डॉईलला हक्कांचे सगळे मिळून २५ पौंड मिळाले. जवळपास व्हायोलेट हंटरच्या सहा महिन्यांच्या जुन्या पगाराइतके. युटाची पाच प्रकरणं आता अडणार नाहीत.

आणि वर्षभरानं कधीतरी 'ब्लू कार्बंकल' पुन्हा काढा. रत्न कुणी चोरलं हे तेव्हा आठवत असेल, त्यानं काही बिघडत नाही. होम्स त्या पक्ष्यामागे, मग रत्नामागे धावत जातो आणि कथा त्याच्याबरोबर जाते. हेन्री बेकर होम्सनं दिलेला दुसरा गूज काखेत मारून बेकर स्ट्रीटचा जिना उतरतो आणि परत दिसत नाही. घरी पोचल्यावर बायको त्याच्याशी बोलली का, तिनं टोपी ब्रशनं साफ केली का, डॉईल सांगत नाही. दुसऱ्या वाचनात मी तिथेच अडले, आणि अजून त्या जिन्यावर मेणबत्ती धरून चढणारा तो माणूस मला दिसतो.